डब्याचं दूध सुरू होतं, तरी अंगावरचं टिकलं

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बाळंतपणाला माहेरी रिसोडला आले होते. चौथ्या दिवशी बाळाचं वजन जास्तच उतरलं. डॉक्टरांनी डब्याचं दूध जोडीला द्यायला सांगितलं, आणि घरात सुरू झालं, "हिला दूधच नाही." रात्रभर रडले मी.

सातव्या दिवशी आशाताई घरभेटीला आल्या. त्यांनी क्रम लावून दिला. आधी दोन्ही बाजूंनी पाजायचं, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचं डब्याचं, तेही वाटी-चमच्याने. त्यानंतर हाताने दूध काढायचं. कारण दूध मागणीप्रमाणे बनतं. छाती भरलेलीच राहिली तर शरीर बनवणं कमी करतं. रात्रीचं पाजणंही चुकवायचं नाही.

24 तासांत 8 ते 12 वेळा पाजलं. बाळ किती रडतं ते मोजणं सोडलं, ओले लंगोट मोजले. दिवसाला सहा तरी हवेत. वजन वाढलं तसं डॉक्टरांना विचारून डब्याचं कमी करत गेलो. सहाव्या आठवड्यात ते बंद झालं.

कुणाचं पूर्ण बंद नाही होत. तरी अंगावरचं जेवढं मिळेल तेवढं बाळाच्या कामाचंच आहे. आणि घरच्यांनो, "दूध नाही" म्हणण्याआधी तिला जरा झोपू द्या.