विजेवरचा टेम्पो आणि आपला धंदा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात धम्मावर प्रवचने होतात. अशा वेळी टेम्पोवर भाषण कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचा इतिहास आठवला की हा प्रश्न उरत नाही. सोपारा हे प्राचीन काळचे शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरुड राजाच्या कोटात उत्खनन केले आणि स्तूप उजेडात आला. याच सोपाऱ्याचा पूर्ण हा मूळचा व्यापारी. दिव्यावदानात त्याची कथा आहे. तो दासीचा पुत्र होता. वाटणीच्या वेळी सावत्र भावांनी त्याला वारसांत धरले नाही. पुढे एका मोळीवाल्याच्या ओझ्यात त्याला मौल्यवान चंदन दिसले, ते त्याने विकत घेतले आणि त्यावर धंदा उभा केला. तोच पूर्ण नंतर भगवंतांचा शिष्य झाला. दासीच्या मुलाने धंदा उभा केला तो वस्तू पारखून. आजचा आमचा विषयही पारख करण्याचाच आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतील तरुण विचारू लागले आहेत, "काका, विजेवरचा टेम्पो घेऊ का? डिझेल परवडत नाही." प्रश्न रास्त आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांतून माल उचलणारे, नालासोपारा-विरारच्या दुकानांना पाव, पाण्याचे जार, भाजी पोहोचवणारे कितीतरी हात आपल्या समाजाचे आहेत. त्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक आहेत. गाडी स्वतःची व्हावी, ही त्यांची इच्छा आम्हाला फार मोलाची वाटते. चालकाचा मालक होणे ही आपल्यासाठी नुसती पैशाची गोष्ट नाही.

वीज हा विषयही आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खाते त्यांच्याकडेच होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि भरपूर विजेचा आग्रह धरला. विजेवाचून उद्योग नाही आणि उद्योगावाचून गरिबी हटणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. तेव्हा वीज गरिबाच्या धंद्याला लागावी हा विचार जुना आहे. प्रश्न एवढाच, की हे वाहन कोणाच्या धंद्याला लागेल?

प्रथम वाहन काय आहे ते समजून घेऊ. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की आपल्या मीटरवरचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. बॅटरी किती मोठी हे याच मापात सांगतात. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या महिंद्राच्या ट्रिओ झोर या तीनचाकीची बॅटरी ७.३७ युनिटची आहे. 'छोटा हत्ती' म्हणून आपण ओळखतो त्या टाटा एसची विजेवरची आवृत्ती मे २०२२ मध्ये जाहीर झाली. तिची बॅटरी २१.३ युनिटची असून ती ६०० किलो माल नेते. जून २०२५ मध्ये त्याहून लहान एस प्रो आली. तिची बॅटरी १४.४ युनिटची आणि वजन नेण्याची क्षमता ७५० किलो. कंपनी तिची धाव १५५ किलोमीटर सांगते. तो चाचणीतला आकडा झाला. भरलेला माल, खड्डे, चढ आणि जुनी होत जाणारी बॅटरी लक्षात घेता आम्ही शंभरच धरतो. आपणही तसेच धरावे.

या गाडीचा मोठा गुण असा, की उभ्या गाडीला मोटर काही खात नाही. नालासोपारा पूर्वेच्या गर्दीत पेट्रोलची गाडी अर्धा तास धुगधुगत उभी राहिली तर इंधन जळतेच. विजेची गाडी तेथे गप्प उभी राहते, आणि ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत भरते. थांबत थांबत, ठरलेल्या वाटेने, रोज तेवढेच अंतर कापणाऱ्या धंद्याला ती म्हणूनच मानवते. यात नवलही नाही. इंग्लंडमध्ये घरोघर दूध घालणाऱ्या हजारो गाड्या विसाव्या शतकात कित्येक दशके बॅटरीवरच चालत होत्या. वाट ठरलेली, वेग बेताचा आणि रात्री गाडी आगारात चार्जिंगला. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून ते जमले. आपल्यालाही याच तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

आता हिशेब. एस प्रो एकाच दिवशी पेट्रोलवर आणि विजेवर, अशा दोन्ही रूपांत बाजारात आली, म्हणून तुलनेला ती सोयीची. तेव्हा जाहीर झालेली किंमत पेट्रोलला ३ लाख ९९ हजार आणि विजेला ६ लाख ५० हजार होती. फरक २ लाख ५१ हजारांचा. हा फरक पाच वर्षांच्या कर्जात, ११ टक्के व्याजाने फेडायचा म्हटले तर हप्ता महिना सुमारे साडेपाच हजारांनी वाढतो. दुसऱ्या बाजूला बचत पाहू. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि भरल्या गाडीला लिटरमागे १६ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. विजेची गाडी, चार्जिंगमधील गळतीसह, किलोमीटरला ०.१६ युनिट खाते असे धरू. युनिट दहा रुपये धरले तर खर्च एक रुपया साठ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे चार रुपये नव्वद पैसे वाचले.

महिन्याला पंचवीस दिवस काम धरा. रोज ६० किलोमीटर फिरणाऱ्याचे महिना सुमारे ७,३५० रुपये वाचतील. वाढीव हप्ता भागून वर दोन हजारांच्या आसपास उरतील. परंतु रोज २० किलोमीटरच फिरणाऱ्याचे वाचतील फक्त २,४५०. त्याला दर महिन्याला तीन हजार खिशातून घालावे लागतील. दोन्ही बाजू जुळतात त्या रोजच्या ४५ किलोमीटरला. त्यातही २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांवरचा पाच टक्केच राहिला. हिशेबाने पेट्रोलची गाडी तीसेक हजारांनी स्वस्त झाली, म्हणून हा आकडा पन्नासच्या घरात जातो. सीएनजीच्या गाडीशी तुलना केली तर तो आणखी थोडा वर जातो. सबब 'रोज पन्नास किलोमीटर' एवढे तरी प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. दर बदलतील तसा आकडाही बदलेल, पण तो काढायची रीत हीच.

येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी संस्थेच्या एका सभासदाच्या मुलाने विजेवरचा टेम्पो कर्जाऊ घेतला. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी. कर्जाचा फॉर्म एका रविवारी याच सभागृहात आम्ही भरून दिला. उत्पन्न किती, जामीन कोण, कागद कोणते, हे सगळे आम्ही विचारले. बँकेत वीस वर्षे काढल्याने ते प्रश्न तोंडपाठ आहेत. परंतु तू रोज किती किलोमीटर फिरतोस आणि रात्री गाडी कोठे लावतोस, हे दोन प्रश्न विचारायचे राहून गेले. तो फिरत होता वीस किलोमीटर. राहायला चाळीत, गाडी गल्लीत. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढून चार्जिंग करायचा. त्यावरून भांडणे झाली, वायर बंद झाली. मग लांबच्या चार्जिंग केंद्रावर जास्त दराने वीज आणि दोन-दोन तास खोळंबा. हप्ते थकले आणि वर्षभरात वित्तसंस्थेने गाडी ओढून नेली. त्याची आई आम्हाला एवढेच म्हणाली, "भाऊ, तुम्ही बँकेतले. तुम्ही तरी सांगायचं होतं." त्या माऊलीला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिरा झालेला प्रयत्न समजावा.

बंधूंनो, त्या मुलाची गाडी वाईट नव्हती. गाडी आणि धंदा यांचे प्रमाण जमले नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी एवढ्यावर शेती फायद्याची ठरत नाही, तिच्यावर राबणारे हात आणि अवजार-भांडवल यांचे प्रमाण जुळावे लागते, असे त्यांनी त्यात दाखवले. टेम्पोलाही हेच लागू आहे.

तेव्हा धंद्यागणिक पाहू. पाव, पाण्याचे जार, दूध, किराणा यांचे रोजचे रतीब घालणाऱ्याच्या दोन-तीन फेऱ्या मिळून पन्नासच्या वर जात असतील, तर हे वाहन त्याच्यासाठीच आहे. वालीवच्या गाळ्यातून वसई-विरारमध्येच माल पोहोचवणाऱ्यालाही ते चालेल. मंडप-डेकोरेशनवाल्याने थांबावे. त्याचे काम लग्नसराईचे, आज आगाशीत तर उद्या डहाणूला, आणि उरलेले महिने गाडी उभी. घरसामान हलवणाऱ्याचेही तेच. दादरच्या बाजाराला जाणाऱ्याने जपून. रेल्वेने वसई रोड ते चर्चगेट बावन्न किलोमीटर. रस्त्याने दादरला जाऊन येणे म्हणजे शंभरीला टेकणे. लहान बॅटरीला तेवढे अंतर मधल्या चार्जिंगशिवाय झेपणार नाही. आणि जो रोज वीस किलोमीटरच फिरतो त्याने भाड्याची गाडी वापरावी, किंवा दोघा-तिघांनी मिळून एक घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

पावसाचाही विचार हवा. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, हे आपण विसरलेलो नाही. बॅटरी बंद पेटीत असते, म्हणून साध्या पावसाने तिला काही होत नाही. पण साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये, आणि प्लगची जागा नेहमी उंचावर, पक्क्या अर्थिंगची असावी. वीज जाईल त्या दिवसासाठी निदान एका फेरीचे चार्जिंग शिल्लक ठेवण्याची सवय लावावी.

सवलतींविषयी थोडे. विजेच्या मालवाहू गाडीला परवान्याची अट २०१८ पासून नाही. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे ही तिची ओळख. अनुदानाच्या आशेवर मात्र हिशेब उभा करू नये. केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२४ रोजी संपला. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजना आली. तिच्यात तीनचाकीला बॅटरीच्या युनिटमागे पहिल्या वर्षी पाच हजार ठेवले आणि पुढच्या वर्षी ते निम्मे केले. अनुदान आज असते, उद्या नसते. हप्ता मात्र साठ महिने असतो. कर्जासाठी ८ एप्रिल २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे. तिच्यात दहा लाखांपर्यंत तारण लागत नाही. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. तेथे जाऊन चौकशी करावी. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

भगवंतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन धंद्यात आणि चौथा संकटासाठी राखून. विजेच्या गाडीला ऑइल बदलणे नाही, क्लच नाही. त्यातून वाचलेला पैसा हा चौथा भाग समजून बाजूला टाकावा, कारण हमीची मुदत संपल्यावर बॅटरी कधीतरी बदलावी लागेल आणि तो खर्च मोठा असेल. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसण्याचे सुख आहे, हेही आठवावे. कर्ज घेऊ नये असा याचा अर्थ नव्हे. फिटेल तेवढेच घ्यावे, एवढाच आहे.

शेवटी दोन सूचना संस्थेपुढे ठेवतो. पहिली वहीची. गाडी घेऊ इच्छिणाऱ्याने आधी एक महिना रोजचे किलोमीटर, खेपा आणि इंधनाचा खर्च वहीत लिहावा. आपल्या विद्यार्थ्यांनी रविवारी येथे बसून त्याला हिशेब मांडून द्यावा. त्याआधी कोणाचाही फॉर्म आम्ही भरणार नाही, हे आजच जाहीर करतो. दुसरी सूचना जागेची. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर साडेतीन किलोवॅटहून जास्त वीज ओढता येत नाही. १४.४ युनिटची बॅटरी भरायला पाच-सहा तास, म्हणजे जवळजवळ सारी रात्र लागते. चाळीत राहणाऱ्याला ही रात्रभराची जागा मिळत नाही, आणि तेवढ्यावरून तो या धंद्यातून बाद होतो. आपल्या विहाराचे अंगण रात्री रिकामे असते. रीतसर स्वतंत्र मीटर घेऊन तेथे चार-पाच प्लग बसवले आणि प्रत्येकाकडून वापरल्या युनिटचे पैसे घेतले, तर संस्थेला तोशीस पडणार नाही आणि चार-पाच घरांत मालकीची गाडी येईल. कार्यकारिणीने याचा विचार करावा.

त्या माऊलीचा मुलगा आज पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक आहे. या महिन्यापासून त्याने वही लिहायला घेतली आहे. नव्या मालकाच्या दोन खेपा धरून त्याचे अंतर रोज बावन्न-त्रेपन्न किलोमीटर भरते. कमी आहे ती रात्रीच्या जागेची. ती देणे आपल्या हातात आहे.

 नमो बुद्धाय. जयभीम.