चांगदेवच्या घाटावरून होडीत

थंडी सरता सरता आम्ही गटातल्या अकरा जणी मुक्ताईच्या दर्शनाला गेलो. तिथून चांगदेवला. देवळाखाली घाटावर भाकरी-भरीत खाल्लं, अन् समोर होड्या दिसल्या.

आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, हंड्यासाठी भांडणं होतात. आणि इथं नजर पोचेल तिथवर पाणी! तापी मुलताईहून येते, पूर्णाही सातपुड्यातूनच येते, चांगदेवला दोघी भेटतात. खाली हतनूरचं ४१ दरवाजांचं धरण आहे, त्याचा फुगवटा संगमापर्यंत येतो. भुसावळजवळच्या दीपनगरला वीज तयार होते, ती याच पाण्यावर.

नावाडी म्हणाला, "बसा ताई, सगळ्याच बसा, पाणी संथ आहे." आम्ही आधी जॅकिटं मोजली. सहाच निघाली. मग आम्ही सहा अन् पाच अशा दोन फेऱ्या करायला लावल्या. तो कुरकुरला, पण ऐकलं त्याने. पोहता एकीलाही येत नाही, कुरकुर परवडली.

पहिल्या फेरीत आमच्या एक मावशी होत्या. लांब पाण्यावर बदकांचे थवे बसलेले, हिवाळ्यात ती परदेशातून येतात. आम्ही फोन काढून फोटो घेत होतो. मावशी मात्र पाण्यात हात घालून गप्प. मग नावाड्याला म्हणाल्या, "भाऊ, जरा इंजिन बंद कर."

त्यांचं माहेर या पाण्याखाली गेलं. धरण पुरं झालं १९८२ साली, त्याआधीच गाव उठलं. मावशी तेव्हा नुकत्या लग्न होऊन सासरी गेलेल्या. "या अंगाला आमचा मळा," त्या हाताने दाखवत होत्या, "विहिरीवर चिंच होती. केळी लावायचा बाप." आम्हाला तिथं पाणीच दिसत होतं. त्यांना मात्र बांध न् बांध दिसत होता.

एकीने विचारलं, "मावशी, मोबदला मिळाला का?"

"बापाला मिळाला, भावांनी वाटून घेतला. मला कोण विचारणार? मायलाही नाही विचारलं. निंदणी-खुरपणी आम्हीच करायचो, पण कागदावर कुठं होतो आम्ही?"

तेव्हा कायदाच तसा होता. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाच्या बरोबरीचा हक्क आपल्या राज्यात १९९४ साली आला, तोही लग्न न झालेल्या मुलींना. लग्न झालेल्या लेकींना तो २००५ च्या कायद्याने मिळाला. मावशींच्या वाट्याला तोवर जमीनच उरली नव्हती.

दुसरी फेरी होईपर्यंत मावशी घाटावर पाय सोडून बसल्या होत्या. परतीच्या गाडीत गाणी झाली नाहीत. वरणगाव मागे पडल्यावर मावशीच म्हणाल्या, "पुढच्या बैठकीला आपापला सातबारा आणा गं."

आणला. अकरा उतारे चटईवर मांडले आणि वाचले. तिघींचीच नावं निघाली. त्यातल्या दोघी विधवा.