मैदान कुणाचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपलं घर आपणच विकत घ्यायचं आणि त्या विक्रीत आपल्याला घसघशीत नफा झाला असं वहीत मांडून ठेवायचं, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात एका फुटबॉल क्लबच्या मालकानं जवळपास हेच केलं, आणि ते बरोबर की चूक यावर क्लबचे चाहते वर्षानुवर्षं आपसांत भांडत राहिले. त्या भांडणाविषयी आज बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. ताळेबंद हा काही माझा प्रांत नव्हे. पण ज्या ताळेबंदात हजारो माणसांचा जीव अडकलेला असतो, तो कवीनंही एकदा वाचून पाहावा.

शेफिल्ड हे पोलादाचं गाव. आपल्याकडच्या जुन्या घरांतूनही शेफिल्डचा शिक्का असलेली सुरी नाहीतर वस्तरा सापडायचा. तिथल्या कारागिरांना बुधवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळे. त्या सुटीत क्रिकेट खेळणाऱ्यांनी १८२० मध्ये क्लब काढला आणि त्याला वाराचंच नाव दिलं. त्यातूनच १८६७ मध्ये फुटबॉल क्लब निघाला. तोच हा ‘शेफिल्ड वेन्सडे’. म्हणजे ‘शेफिल्डचा बुधवार’ म्हणा ना! कामकऱ्यांच्या सुटीवरून नाव पडलेला क्लब. १८९९ पासून तो हिल्सबरो या मैदानावर खेळतो. हे नाव दुःखाशीही जोडलेलं आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी याच मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते दगावले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. अशा जागेला नुसती ‘स्थावर मालमत्ता’ म्हणताना जीभ अडखळते.

जानेवारी २०१५ मध्ये थायलंडचे देजफॉन चान्सिरी यांनी हा क्लब घेतला. घराण्याचा ट्यूना माशांचा मोठा व्यवसाय. क्लबला इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये न्यायचं, हे त्यांचं स्वप्न. चाहत्यांचंही तेच. २०१६ मध्ये तिथं पोचायला एकच सामना उरला होता. तो हल सिटीनं १-० असा जिंकला. मग पुढच्या वर्षी आणखी महागडे खेळाडू, आणखी खर्च. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांना नियम असा होता, की तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही. खर्च तर होऊन गेला. आता तोंडमिळवणी कशी करायची?

त्यावर उपाय निघाला तो मैदानाचा. क्लबनं हिल्सबरो सुमारे ६ कोटी पौंडांना विकलं. घेणारी कंपनी होती ‘शेफिल्ड ३ लिमिटेड’, म्हणजे पुन्हा चान्सिरीच. या हाताचं त्या हाताला. पण क्लबच्या वहीत या व्यवहारातून ३ कोटी ८० लाखांचा नफा जमा झाला आणि २०१७-१८ च्या हिशेबात साडेतीन कोटींच्या आसपास जाणारा तोटा नाहीसा होऊन चक्क थोडा नफा दिसू लागला. त्या काळच्या नियमांत अशा विक्रीला मज्जाव नव्हता. अडचण निराळीच होती. ज्या वर्षाच्या हिशेबात ही विक्री धरली, ते संपलं जुलै २०१८ मध्ये. आणि मैदान विकत घेणारी कंपनी नोंदवली गेली जून २०१९ मध्ये. लग्न आधी लागलं आणि नवरदेव मागाहून जन्माला आला!

खरी गंमत, आणि खरं दुःखही, चाहत्यांच्या वादात आहे. एक पक्ष म्हणाला, “बिघडलं कुठं? माणूस स्वतःच्या खिशातून पैसा ओततोय. मैदान त्याच्याकडेच आहे, उचलून बँकॉकला थोडंच नेणार आहे? दंड टळला, खेळाडू टिकले, झालं तर!” दुसरा पक्ष म्हणाला, “आज मालक चांगला आहे, उद्या बिनसलं तर? आजवर क्लब आणि मैदान एक होते. आता क्लब झाला भाडेकरू. क्लब विकत घेणाऱ्याला मैदान मिळेलच असं नाही.” मला हा वाद फार ओळखीचा वाटतो. वडिलोपार्जित जमीन थोरल्या भावाच्या नावावर करताना घराघरांत असंच बोलणं होतं. थोरला शहाणा असेल तर निभावतं. पण ‘असेल तर’ या दोन शब्दांवर घर चालवायचं का?

लीगनं खटला भरला. क्लबनं लबाडीनं, वाईट हेतूनं वागणूक केली हा आरोप टिकला नाही. पण विक्री त्या वर्षाच्या हिशेबात धरता येणार नाही, असा निकाल जुलै २०२० मध्ये लागला. शिक्षा १२ गुणांची, अपिलात ती ६ गुणांवर आली. आता पुढचा योगायोग पाहा. डर्बी नावाच्या शहरातल्या क्लबनंही २०१८ मध्ये हेच केलं होतं. मालक मेल मॉरिस यांनी क्लबचं प्राइड पार्क मैदान ८ कोटी ११ लाख पौंडांना आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकलं होतं. ८ मे २०२१ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, शेफिल्ड वेन्सडे आणि डर्बी काउंटी समोरासमोर आले, तेही त्याच विकलेल्या प्राइड पार्कवर. ३-३ अशी बरोबरी झाली. डर्बी ४४ गुणांवर तगला. वेन्सडे ४१ गुणांवर तळाला जाऊन तिसऱ्या श्रेणीत घसरला. कापलेले ६ गुण हाताशी असते तर ४७ झाले असते; वेन्सडे वाचला असता आणि डर्बी बुडाला असता. वहीतल्या एका ओळीनं दोन शहरांचं नशीब फिरवलं.

डर्बीचं सुखही चार दिवसांचंच ठरलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या क्लबचं दिवाळं वाजलं आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. आधी १२ आणि मग ९ गुण कापले गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये तोही खाली गेला. क्लबला नवा धनी मिळेना, कारण क्लब एकाकडे आणि मैदान दुसऱ्याकडे. डेव्हिड क्लाउज या स्थानिक उद्योजकानं, जो स्वतः त्या क्लबचा चाहता, आधी मैदान घेतलं आणि १ जुलै २०२२ रोजी क्लब. तेव्हा कुठं गाठ सुटली.

आता पुन्हा शेफिल्डला येऊ. २०२३ मध्ये वेन्सडे वर चढला. पण मालकाचा हात आखडत चालला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चान्सिरी म्हणाले, वीस हजार चाहत्यांनी शंभर-शंभर पौंड दिले तर २० लाख जमतील आणि नड भागेल. चाहत्यांना हे झोंबलं. मालकी तुमची, मैदान तुमच्या कंपनीचं, आणि वर्गणी आमची? २०२५ मध्ये तर खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार वारंवार रखडले. उन्हाळ्यात सुरक्षिततेच्या कारणावरून हिल्सबरोची उत्तरेकडची बैठक काही काळ बंद ठेवावी लागली.

चाहत्यांपुढे पेच पडला. मालकाला धडा शिकवायचा तर मैदानावर जायचं नाही, तिकीट काढायचं नाही. पण तिकिटाचा पैसा बंद झाला तर उपाशी कोण मरणार? आपलाच क्लब. आईवर रुसून जेवण सोडावं, तसा हा बहिष्कार. फरक एवढाच, की इथं उपास आईलाच घडत होता. यावरही घराघरांत दोन तट पडले. वडील म्हणाले, “पन्नास वर्षं एक सामना चुकवला नाही, आता चुकवणार नाही.” मुलगा म्हणाला, “म्हणूनच चुकवा. तुमची खुर्ची रिकामी दिसली तरच त्याला कळेल.” मला दोघंही खरे वाटतात.

२२ ऑक्टोबर २०२५ ला, मिडल्सबरोविरुद्धच्या सामन्याला, साधारण ३९ हजारांच्या त्या मैदानावर जेमतेम सात हजारांची नोंद झाली. दोनच दिवसांनी क्लब आणि मैदानाची कंपनी, दोन्ही प्रशासकांच्या ताब्यात गेले. १२ गुण कापले गेले. अशा बातमीनं एरवी गावात सुतक पडलं असतं. इथं माणसं क्लबच्या दुकानासमोर रांगा लावून उभी राहिली. तिकिटं घेतली, टोप्या घेतल्या, मफलर घेतले. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला २७ हजारांवर माणसं हजर! संघ हरला, पण मैदान भरलं होतं. तिजोरीत आता पडणारा पैसा क्लबचा होता.

आपल्या भाषेत या नात्याला फार जुने शब्द आहेत. देवस्थानाची इनाम जमीन असते. पुजारी तिचं उत्पन्न खातो, पण ती त्याची नसते. आमच्याकडे वक्फ असतो. त्याचा कारभार पाहणारा तो मुतवल्ली. दुरुस्ती त्यानं करायची, हिशेब त्यानं ठेवायचा, पण मालक म्हणून विकायचा अधिकार त्याला नाही. आता मुतवल्ली आणि पुजारीही कधीकधी कसे हात मारतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तरीसुद्धा तो हात मारतो तेव्हा आपण त्याला चोर म्हणतो, हुशार व्यापारी म्हणत नाही. शब्दाचा एवढा तरी धाक असतो. फुटबॉल क्लबच्या धन्याला हा शब्द लागू करायला इंग्लंडनं फार उशीर लावला.

त्या उशिराची किंमत ब्रायटनला विचारावी. तिथलं गोल्डस्टोन मैदान क्लबच्या चालकांनी १९९५ मध्ये विकून टाकलं. २६ एप्रिल १९९७ ला तिथं शेवटचा सामना झाला, आणि त्या जागी दुकानं उभी राहिली. दोन हंगाम तो संघ सुमारे सत्तर मैलांवरच्या जिलिंगहॅमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळत होता. हक्काचं नवं मैदान मिळायला २०११ साल उजाडलं. त्या लढ्यात ‘अटिला द स्टॉकब्रोकर’ या टोपणनावाचा एक कवीही होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. कवी अगदीच कुचकामाचे नसतात!

आणि हे सगळं साता समुद्रापलीकडचं म्हणून सोडूनही देता येत नाही. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबची मालकी नोव्हेंबर २०१० पासून आपल्या पुण्यातल्या व्यंकीज उद्योगसमूहाकडे आली. एके काळी ज्या ब्लॅकबर्नच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची धोतरं विणली जात, त्या गावाचा क्लब पुण्याचा झाला! २०१२ मध्ये संघ खाली घसरला तेव्हा चाहत्यांनी क्लबच्या रंगाचं कापड गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. कोट्यवधी पौंड पुण्यातून गेले, हेही तितकंच खरं. पुढे तर तिथं पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागू लागली. म्हणजे शनिवारी कोण खेळणार याची काळजी ब्लॅकबर्नला, आणि तारीख पडणार दिल्लीत! इथं मैदान विकलेलं नाही, पण प्रश्न तोच. पैसा लांबून येतो, माया जवळ असते, आणि सही लांबच्याची चालते.

२१ जुलै २०२५ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक नेमायचा, आणि घरचं मैदान विकायचं किंवा सोडायचं तर त्याची मंजुरी घ्यायची, महत्त्वाच्या बाबतींत चाहत्यांचं म्हणणं ऐकायचं, अशी त्यात तरतूद आहे. कायद्यानं प्रेम वाचत नाही, पण प्रेमाची जागा वाचू शकते. हेही थोडं नाही.

शेवटी एकच सांगतो. मालक क्लब विकत घेतो तेव्हा खेळाडूंचे करार घेतो, इमारत घेतो, नाव घेतो. आजोबांनी नातवाला पहिल्यांदा जिथं खांद्यावर घेतलं ती पायरी मात्र कुठल्याच खरेदीखतात नसते. तिची किंमत ताळेबंदात शून्य धरलेली असते. आणि सगळे तोटे झाल्यावर क्लबला उभं करायला धावून येते ती त्या शून्यातलीच माणसं. ज्याच्यावर शेवटी भार पडतो, त्याला आधी विचारावं, एवढंच त्या चाहत्यांचं मागणं आहे. ते मला अवाजवी वाटत नाही.