बेचाळीस किलोमीटरच्या आधीची वर्षं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे पडली की वडपे लागतं. आमच्या गावाचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते रस्त्याच्या कामांमुळे. माजिवडा ते वडपे, वडपे ते गोंदे, असं वर्तमानपत्रात येतं. दोन्ही अंगांना गोदामं आणि रात्रंदिवस कंटेनरची रांग. याच रस्त्यानं पुढं गेलं, कसारा घाट चढून नाशिक गाठलं आणि तिथून त्र्यंबक-हरसूलकडे वळलं, की सावरपाडा येतो. कविता राऊतचं गाव. तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात ते याच पाड्यावरून.

मी भिवंडी तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. विषय मॅरेथॉनचा असला, तरी मी जास्त बोलणार आहे ते मॅरेथॉनच्या आधीच्या वर्षांबद्दल. कारण गडबड तिथेच होते.

आधी शब्दाचं बघू. हल्ली तीन किलोमीटर धावून टी-शर्ट आणि केळं मिळालं, तरी त्याला मॅरेथॉन म्हणतात. तक्रार नाही, लोक धावतायत हे चांगलंच. पण खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. माजिवड्यापासून वडप्यापर्यंत रस्ता साधारण चोवीस किलोमीटर आहे. माजिवड्याहून धावत वडप्याला यायचं, तिथूनच परत फिरायचं आणि माजिवडा सहाएक किलोमीटर उरलं की थांबायचं, ही झाली एक मॅरेथॉन. आमच्या मुलांना मी असंच सांगतो. आकडा सांगितला तर माना डोलावतात, रस्ता सांगितला की डोळे मोठे होतात.

आता कविताकडे येऊ. जन्म १९८५चा, आदिवासी पाड्यावरचा. पुढं नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे ती तयार झाली. ऑक्टोबर २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं, वेळ ३३ मिनिटं ५.२८ सेकंद. राष्ट्रकुलात ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी १९५८ साली मिल्खासिंगांना मिळालेलं सुवर्ण, मध्ये बावन्न वर्षं काही नाही. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं हेच अंतर ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत कापलं. केरळची प्रीजा श्रीधरन तिच्या पुढं होती ती एका सेकंदाहूनही कमी फरकानं. पहिल्या दोघी भारतीय! पाच हजार मीटरचं कांस्यही कवितानं आणलं. २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

यात मॅरेथॉन कुठे आहे? ती आली २०१६च्या फेब्रुवारीत. गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं पूर्ण मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत जिंकली आणि रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळवली. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

श्रोतेहो, थोडं गणित करू या. ग्वांगझूला कविता एक किलोमीटर सरासरी ३ मिनिटं ११ सेकंदांत कापत होती. गुवाहाटीला ३ मिनिटं ४६ सेकंदांत. म्हणजे दर किलोमीटरला पस्तीस सेकंदांची सवड. पायांना ३:११चा वेग ठाऊक असतो, तेव्हा ३:४६ला श्वास लागत नाही, निदान पहिले तीस किलोमीटर. त्यानंतर स्नायूंत साठवलेली साखर संपत येते, शरीर चरबी जाळू लागतं, आणि चरबीवर तो वेग टिकत नाही. या टप्प्याला धावपटू 'भिंत' म्हणतात. ज्याच्याकडे वेगाची शिल्लक असते, तो भिंतीपर्यंत कमी दमून पोचतो. ही शिल्लक पंधराशे, तीन हजार, पाच हजार, दहा हजार अशा अंतरांवर, वर्षानुवर्षं साठवावी लागते. थेट बेचाळीस किलोमीटर रेटून ती येत नाही.

ऑगस्ट २०१६मध्ये रिओला कविताला २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद लागली. क्रमांक १२०वा. त्याच शर्यतीत ओ. पी. जैशा ८९वी आली आणि शेवटची रेषा ओलांडल्यावर कोसळली. वाटेत पाणी मिळालं की नाही यावरून पुढं बराच वाद झाला, तिची आणि ॲथलेटिक्स महासंघाची विधानं एकमेकांच्या उलट होती. त्यात मी शिरत नाही. कविता मॅरेथॉनपटू नव्हतीच, असं या निकालावरून म्हणणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. फेब्रुवारीत एक मॅरेथॉन आणि ऑगस्टमध्ये दुसरी. जगातले अव्वल धावपटूही वर्षाकाठी दोनच मोठ्या मॅरेथॉन धावतात. शिवाय आपल्याकडची बाई तिशीत या अंतराकडे वळते, तेव्हा तिच्या हातात चुका करून शिकायला फार वर्षं उरलेली नसतात.

उलटा प्रवासही आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबरचं गाव. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं पहिली आली. एखादी तिथंच रमली असती. ललिता तिथून मागं फिरली आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसला लागली, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. २०१४ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं. २०१६ला रिओच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम झाला, अंतिम फेरीत ती दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची, म्हणजे १९८४ नंतरची, ती पहिली भारतीय महिला. दुष्काळी माणदेशातल्या मुलीनं पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत हे करावं, याची मला फार गंमत वाटते.

केनियाचा एलिउद किपचोगे तर सगळ्यांना माहीत आहे. २००३ साली तो पाच हजार मीटरचा जगज्जेता होता. पहिली मॅरेथॉन धावला २०१३मध्ये. दहा वर्षं मध्ये गेली. मग ऑलिंपिकची दोन सुवर्णं आणि जागतिक विक्रम. केल्विन किप्टम ट्रॅकवर न रमता सरळ रस्त्यावरच्या शर्यतींत उतरला आणि २०२३ला शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली, हेही खरं. पण किप्टमकडे बघून शाळेतली पोरं घडवायची नसतात.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या शाळेतली एक मुलगी. पंधरा वर्षांची, पाड्यावर राहते. वडील गोदामात माल चढवतात-उतरवतात. जवळपास कुठेशी एकवीस किलोमीटरची शर्यत होती, पहिल्या नंबराला पाच हजार रुपये. वयाची अट कुणी फारशी बघत नव्हतं. वडील फॉर्म घेऊन आले.

"सर, एवढी सही करा. एकवीसच तर आहे. रोज डोंगरावर चढते-उतरते ती."

मी सही केली नाही. ती बहुधा जिंकलीही असती, आणि अडचण तीच होती. जिंकली की पुढच्या रविवारी दुसरी शर्यत, मग तिसरी. पंधराव्या वर्षी हाडं वाढत असतात. डांबरावर इतकं अंतर पुन्हा पुन्हा धावलं तर नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात, आणि नीट जेवण नसेल तर मुलींची पाळी थांबते. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण शर्यतीत अठराच्या आत प्रवेश नाही, तो उगीच नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूला दहा हजार मीटर चालतं, मॅरेथॉन चालत नाही.

पण हे ज्ञान ज्याच्या घरात पाच हजार रुपये दोन आठवड्यांची मजुरी असते, त्याला ऐकवायला तोंड लागतं. म्हणून मी दुसरा हिशेब मांडला. रस्त्यावरच्या शर्यतीचं बक्षीस एकदाच मिळतं आणि तिचं प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडत नाही. शालेय स्पर्धेत तीन हजार मीटर धावली, तालुका, जिल्हा, विभाग करत राज्यापर्यंत गेली, तर दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्याला मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरीच लागते. कविता ओएनजीसीत लागली, ललिता रेल्वेत आणि पुढं राज्याच्या महसूल खात्यात. पाड्यावरच्या माणसाला पदकाचं कौतुक असतंच, पण पगाराची गोष्ट जास्त कळते, आणि त्यात काही गैर नाही.

वडील म्हणाले, "तोवर काय?"

याचं उत्तर माझ्यापाशी पूर्ण नव्हतं. शाळेच्या शिक्षकांनी वर्गणी काढून बूट आणि रोजच्या दोन अंड्यांचं बघितलं. एवढंच आमच्या हातात होतं. खरं तर ही वर्गणीची गोष्ट असू नये. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या खिशातून पैसे घालून संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला धाडला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटांत, आणि ती शर्यत आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरनं लांब होती. शंभर वर्षांपूर्वीही धावणारी पोरं होतीच. कमी होतं ते रोजचं जेवण आणि दहा वर्षं धीर धरणारं माणूस.

ती मुलगी आता आठवड्यातून पाच दिवस येते. दोन दिवस चारशे मीटरचे तुकडे, एक दिवस चढ, बाकी सावकाश धावणं, मातीवर. मातीची जागा गोदामांमुळे दरवर्षी आक्रसते आहे, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, सर्व्हिस रोडवर कंटेनर लागायच्या आत. तीन हजार मीटरला ती बारा मिनिटांच्या आत आली आहे. वडील कधीमधी रात्रपाळी संपवून थेट मैदानाच्या कडेला येऊन बसतात. परवा त्यांनी विचारलं, बारा मिनिटं म्हणजे किलोमीटरला किती? मी म्हटलं, चार. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले.