मातीचा माणूस
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि ‘आठवणी सोडून काहीही बोल’ असे बजावले आहे. म्हणून एक गोष्ट सांगतो. शेवटी एक आठवण येईलच, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

ज्यू लोकांच्या कथांत ‘गोलेम’ नावाचा मातीचा माणूस असतो. हिब्रूतल्या या शब्दाचा मूळ अर्थ घडण पूर्ण न झालेला, अपुरा. सर्वांत प्रसिद्ध गोलेम प्रागचा. तिथले रब्बी यहुदा लोएव हे खरोखरीचे मोठे विद्वान. ते १६०९ मध्ये वारले. प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्यांची कबर आजही आहे. गोलेमची कथा मात्र त्यांच्या नावावर छापली गेली ती एकोणिसाव्या शतकात.

कथा अशी. ज्यूंवर खोटे आळ घेऊन हल्ले होत. वस्तीच्या राखणीसाठी रब्बींनी मातीचा माणूस घडवला आणि देवाचे नाव लिहिलेली चिठ्ठी तोंडात ठेवून त्याला जिवंत केले. सांगाल ते काम तो निमूट करी. शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो. तेव्हा रब्बी ती चिठ्ठी काढून घेत. एका शुक्रवारी विसरले आणि गोलेम बेफाम झाला. चिठ्ठी काढली तेव्हाच तो कोसळला. त्याची माती तिथल्या सिनेगॉगच्या माळ्यावर आहे, असे लोक सांगतात.

याहून जुनी गोष्ट ताल्मुदमध्ये आहे. रावा नावाच्या विद्वानाने एक माणूस निर्माण केला आणि रब्बी झेइरांकडे पाठवला. झेइरा त्याच्याशी बोलले. उत्तर आले नाही. तेवढ्यावरून त्यांनी ओळखले, आणि त्याला पुन्हा मातीत धाडले.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपला नववीचा वर्ग आठवला. खिडकीची काच फुटली होती. कोणी फोडली ते मी पाहिले होते. सरांनी साऱ्या वर्गाला विचारले. मी मान खाली घालून बसलो. छड्या भलत्यालाच बसल्या. त्या वर्षी शिस्तीचे बक्षीस मला मिळाले!

सरांचा दोष नाही, त्यांनी विचारले होते. गोलेमला बोलताच येत नव्हते. मला येत होते.

तो मित्र आज इथेच बसला आहे. काल रात्री मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, “अरे, तू पाहिलं होतंस हे मला तेव्हाच कळलं होतं. आता चहा घे.”

आपल्यापैकी बरेच जण पुढे शिक्षक झाले, सगळेच आई-बाप, आजी-आजोबा झाले. गप्प बसणाऱ्या मुलाला आपण लगेच शहाणे म्हणतो. त्याच्याशी जरा बोलून पाहा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढेच सांगायचे होते.