आधी ऐका, मग बोला
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘नोकरीबद्दल नको, छंदाबद्दल बोल,’ असं संयोजकांनी बजावलंय. माझा छंद हॅम रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन मिळवायचं आणि वायरलेसवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचं. मोबाइल टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. १२ व्होल्टची बॅटरी आणि गच्चीवर बांधलेली वीसेक मीटर तार पुरते. लहरी वर आयनांबरात जातात आणि परतून खाली येतात. पुण्याहून सांगलीला निरोप असा वरून पोचतो.

याचा उपयोग काय, हे २६ डिसेंबर २००४ ला दिसलं. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदापायीच पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन गेले होते. त्सुनामी आली, फोन बंद पडले. त्यांनी छंद बाजूला ठेवला आणि अंदमानातल्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. हे वाचूनच मी परवाना काढला. फ्रेम करून भिंतीवर लावला आणि वर्षातून दोनदा रेडिओवरची धूळ पुसली.

मग ऑगस्ट २०१९ आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आई-बाबा गावभागात वरच्या मजल्यावर होते. दुपारी त्यांचा फोन लागेनासा झाला. मी पुण्यात रेडिओ काढला. बॅटरी मेलेली. शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी मागून आणली. दोन ऑपरेटर पूरग्रस्तांच्या निरोपांची देवघेव करताना ऐकू आले आणि मी बटण दाबून मध्येच सुरू झाले, ‘माझे आई-बाबा गावभागात...’

समोरून शांत आवाज आला, ‘स्टेशन, थांबा. डायलिसिसच्या पेशंटचा पत्ता घेतोय. तुमच्यामुळे घर नंबर गेला.’

घर नंबर त्यांनी परत मागून घेतला. अर्धं मिनिट गेलं असेल. पण ते अर्धं मिनिट मी खाल्लं होतं. माझं इंजिनीअरिंग, माझा परवाना, काही कामाला आलं नाही, कारण मी सराव केला नव्हता. आई-बाबा सुखरूप असल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, तेही बोटीतून गेलेल्या गल्लीतल्या एका मुलाकडून. माझा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

त्यानंतर मी दर रविवारी सकाळी रेडिओवर हजेरी लावते. तिथे शिकले ते असं : आधी ऐकायचं. बोलावलं की बोलायचं. निरोप कागदावर जसाच्या तसा उतरवायचा, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. नाव अक्षर-अक्षर सुटं सांगायचं. मग सगळा निरोप परत वाचून दाखवायचा आणि समोरचा ‘बरोबर’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

पाचवीत बाई शुद्धलेखन घालायच्या, तेव्हा शेवटी म्हणायच्या, ‘आता मी वाचते, तुम्ही तपासा.’ आम्ही कंटाळायचो. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, त्या तपासण्याचं मोल मला चाळिशीत कळलं.

शेवटी एक विनंती. पूर पुन्हा येणार, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर शाळेच्या गच्चीवर मी एक तार बांधून देईन, रेडिओही माझाच ठेवीन. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते, म्हणजे सातवी-आठवीच्या मुलांनाही आणि तुम्हालाही. शिकवायला मी महिन्यातून एक रविवार येईन. पण गावात राहणारे दोघं-तिघं तरी हवेत. पाणी चढेल तेव्हा मी पुण्यात असेन, रेडिओजवळ तुम्ही असाल.

ज्यांना जमेल त्यांनी जेवणानंतर मला भेटा. वही आणली आहे, नावं लिहून घेते आणि परत वाचूनही दाखवते.