बापाच्या हाती बाळ



आपल्या रायगड जिल्ह्यात हिरकणीची कथा कोणाला ठाऊक नाही? दूध घालायला ती गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे मिटले, आणि घरच्या तान्ह्यासाठी ती रात्रीची कडा उतरून गेली, असे सांगतात. तिच्याच नावाने एस. टी. महामंडळाने बसस्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ उघडले. मुलाला पाजायला आईला आडोसा मिळाला. फार चांगले झाले.

पण आज मला बोलायचे आहे ते हिरकणीच्या धन्याविषयी. ती गडावर अडकली असताना बाळ त्याच्या हाती असते, तर बाळोते त्यानेच बदलले असते ना?

आता न्हावा शेव्याकडे या. १९८९ साली येथे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. उरणच्या लोकलचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. माणसांची ये-जा वाढली. समजा, बायको कामावर, आजी गावी, आणि बाप एकटाच पोराला डोस द्यायला घेऊन निघाला. वाटेत पोर ओले झाले. स्त्रियांच्या बाजूला त्याला जाता येत नाही. पुरुषांच्या बाजूला ओली फरशी आणि मुताऱ्या. मग तो बाकावर रुमाल अंथरतो. बाळाने कूस बदलायचा अवकाश, की ते खाली! तसेच ओले ठेवावे, तर अंगाला पुरळ उठते.

तुम्ही म्हणाल, “पूर्वी कुठे होती ही थेरं?” खरे आहे. पण पूर्वी सोबत आत्या असे, मावशी असे. आज ती नसते.

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान व बालसंगोपनाची सोय करण्यास सांगितले. जुन्या इमारतींत शक्य तेथे, आणि नव्या इमारतींच्या आराखड्यातच. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या लोकांसाठी खुल्या इमारतींत ही सोय स्त्री-पुरुष दोघांच्याही स्वच्छतागृहांत आणली.

लागते तरी काय? कमरेइतक्या उंचीवर, कडा उचललेली, भिंतीला घट्ट बसवलेली फळी. बाळाला धरून ठेवणारा पट्टा. जवळ पाण्याचा नळ, साबण आणि झाकणाची कचरापेटी. स्त्री-पुरुषांच्या बाजू वेगळ्या असतील, तर दोन्हीकडे. नाहीतर दोघांनाही जाता येईल अशी एक निराळी खोली. पाटीवर चित्र फक्त बाळाचे असावे, म्हणजे बापाला दारात थबकावे लागणार नाही.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पालकसभेच्या दिवशी शाळेत एक स्वच्छ टेबल, चटई आणि पाण्याची बादली आडोशाला ठेवा. ग्रामसभेत नव्या दवाखान्याचा किंवा स्थानकाचा विषय निघाला, की आराखडा मागून पाहा आणि विचारा, “बाळाची जागा कुठे आहे?”

मूल दोघांचे असते. मग ते स्वच्छ करण्याची जागाही दोघांना मिळावी, एवढेच माझे मागणे आहे.